मागच्या तुकड्याची वाट

ठकुबाईने फावड्याने चिखलाचं मोठं ढेकूळ उपसलं, बांधातल्या मोरीच्या तोंडाशी बसवलं आणि टाचेने दाबलं. पाणी थांबलं नाही म्हणून आणखी एक बसवलं. मग थांबलं. लुगडं वर खोचून ती बांधावर बसली आणि समोरच्या सायझिंगच्या शेडकडे बघत राहिली.

हा सायझिंगचा कारखाना तिच्या भाच्याचा, प्रितेशचा. कोन गावाच्या रस्त्याला लागून असलेली पुढची जमीन त्याची, मागचा दोन गुंठ्यांचा तुकडा ठकुबाईचा. यंत्रमागासाठी सुताला खळ चढवून झाली की उरलेलं गरम, चिकट पाणी मोरीतून आत्याच्या तुकड्यात उतरायचं आणि तिथून ओढ्याला जायचं. दोन्हीकडे भात होतं तेव्हा पावसाचं पाणीही असंच वरच्या खाचरातून खालच्या खाचरात यायचं. त्यासाठी कुणी कुणाला विचारत नसे. वाटेसाठीही विचारत नसे. भात कापलं की सगळं शिवार मोकळं, बैलगाडी कुठूनही काढा. म्हणून वाटणीच्या वेळी वडीलधाऱ्यांनी बांध लिहिले, आंब्याची झाडं लिहिली आणि वाट लिहायची राहिली. कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आता ठकुबाईला तिथे दोन खोल्या बांधायच्या होत्या. भाड्याची खोली दिवाळीला सोडायची होती आणि दुसरीकडे जायला जागा नव्हती. विटा आल्या होत्या, पण त्या रस्त्यावरच पडून. वायरमन रघू काल सांगून गेला होता की प्रितेशच्या जागेतून लाइन घेतली तर एका खांबात काम होईल. गावाला वळसा घालून घेतली तर पाच लागतील, आणि पाचही तुमच्या खर्चाने. नळाच्या पाइपाचंही तेच. हे ऐकून प्रितेशने शांतपणे आपले दर सांगितले होते. खांबाचे वेगळे, पाइपाचे वेगळे, आणि वाटेच्या बदल्यात अर्धा तुकडा त्याच्या नावावर. म्हणजे एका गुंठ्यात पोचण्यासाठी दुसरा गुंठा द्यायचा. भाचा हिशेबाला पक्का होता, त्यात वाद नाही. शेडच्या कडेने एक गल्ली होती, तिच्या फाटकाला त्याने संध्याकाळी कुलूपही घातलं. म्हणून आज ठकुबाई मागच्या चिखलातून आली होती.

"सेठ, पानी अंदर आ रहा है!" शेडमधून कुणीतरी ओरडलं.

प्रितेश पँट दुमडत बाहेर आला. हातात मोबाइल होता.

"आत्या, काय चालवलंयस? आत सूत गुंडाळलेले बीम आहेत. पाणी लागलं तर सगळा माल जाईल."

"माज्या जमिनीत मी बांध घातलाय."

"अगं, पाणी इथूनच जातं. पहिल्यापासून."

"मानूस पन इथूनच जायचा. पयल्यापासून."

प्रितेशने इकडेतिकडे पाहिलं. शेडच्या दारात कामगार जमले होते आणि त्यांना मराठी समजत होतं.

"फोन लावू का पोलिसांना?"

"लाव. सायझिंगचं पानी कुठं सोडतोस ते पन सांग त्यांना."

त्याने मोबाइल खिशात टाकला. ठकुबाई उठली. तिला आता रडू येत होतं आणि या पोरासमोर रडू येतंय याचाच जास्त राग येत होता. त्याच्या बारशाला पाळण्याशी वाकून त्याच्या कानात नाव तिनेच सांगितलं होतं.

"मी कंदी मागलं का रं तुझ्याकडं? पान्याचे वेगले, घानीचे वेगले? माझी दोन वांगी जलाली या पान्यानं, मी बोल्ले का?"

प्रितेशने मागे वळून पाहिलं. शेडच्या उंबऱ्यावरून पाणी आत जाताना दिसत होतं. दोन कामगार बीमखाली विटा सरकवत होते. विटा ठकुबाईच्याच होत्या, पण हे बोलायची ती वेळ नव्हती.

"बरं," तो शेवटी म्हणाला. "खांब घाल. पाइप घाल. वाट पण घे. फक्त मोरी खोल आता."

"लिवून दे."

"देतो. उद्या तलाठ्याकडे जाऊ. आता खोल ना!"

ठकुबाईने एक ढेकूळ काढलं, दुसरं तसंच ठेवलं. पाणी निम्म्या धारेने वाहू लागलं. तेवढ्यानेही आतलं उतरत होतं, हे प्रितेशने पाहिलं आणि त्याच्या जिवात जीव आला. जीव आल्यावर लगेच तो हिशेबाकडे वळला.

"वाट म्हणजे ही शेडच्या कडेची गल्ली हं, आत्या. आहे तेवढी. तीन फुटात माणूस आरामात जातो."

"चालत जानारा जातो."

"मग तुला अजून काय, ट्रक न्यायचाय?"

"न्हाय. पन एक दिस मना चालता येनार न्हाय," ती म्हणाली. आवाजात रडण्याचा मागमूस नव्हता. बाजारात भाव सांगावा तसं सांगत होती. "त्या दिशी चौघं लागतील. दोघं ह्या अंगाला, दोघं त्या अंगाला."

दारातले कामगार पुन्हा आत गेले. प्रितेश गल्लीकडे बघत राहिला. गल्लीच्या रस्त्याकडच्या टोकाला त्याने ऑफिसची खोली काढली होती, तिच्यामुळेच गल्ली एवढी चिंचोळी झाली होती. त्याने नजरेने अंतर मोजलं, पुन्हा मोजलं.

"मग ऑफिसची भिंत तोडावी लागेल."

"त्या दिशी तोडशीलच," ठकुबाई फावडं धुता धुता म्हणाली. "पन तवा घाई असंल. आज तोड."