माझं मी भरलं

साडी नेसता येते म्हणून शैलजाबाईंना अमेरिका व्हावं लागलं. अमेरिकेतल्या बेलव्ह्यू शहराच्या लायब्ररीत सकाळी बायकांच्या मताधिकाराचा कार्यक्रम होता. शंभर वर्षांपूर्वी मत मागणाऱ्या बायका पांढरं वस्त्र नेसून, झेंडा पांघरून साक्षात देशाच्या रूपात रस्त्यावर उभ्या राहत, त्याचा देखावा करायचा होता. पण कुणाच्याच अंगावर ते कापड टिकेना. शैलजाबाईंनी एकही पिन न लावता ते चापूनचोपून नेसून दाखवलं आणि स्वतःच अडकल्या.

मार्चमध्ये पती अरुणराव गेल्यापासून त्यांना कुठेही अडकायला चालत होतं. घर खायला उठायचं.

मुकुट घालून त्या स्टुलावर उभ्या राहिल्या. मैत्रिणीची मुलगी प्रीता माइक घेऊन आली.

"मावशी, सिटिझन झाल्यावर फर्स्ट टाइम व्होट केलं, तेव्हा कसं वाटलं?"

त्यांना काही आठवेना. इथे मतपत्रिका पोस्टानं घरी येते. बारा वर्षं अरुणराव दोघांच्याही मतपत्रिका डायनिंग टेबलावर बसून भरत आणि शैलजाबाई कणकेचे हात पुसून, ते बोट ठेवतील तिथे सही करत. आपलं मत कुणाला गेलं, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

"मी फक्त सही केली होती," त्या म्हणाल्या. त्यांना लाज वाटली. लोकांनी मात्र टाळ्या वाजवल्या.

यंदाची मतपत्रिका घरी कोरीच पडली होती आणि उद्या मुदत संपत होती. दूर प्लेनो शहरात राहणाऱ्या मुलानं, केदारनं, यादी पाठवली होती. बाबांनी ज्यांना दिलं असतं त्यांचीच. 'आई, सेम फिल कर. उगाच डोकं लावू नकोस.'

घरी येऊन त्यांनी यादी बाजूला सारली. चष्मा लावून एकेका उमेदवाराची माहिती वाचली. चार तास गेले, चहा दोनदा गार झाला. ज्या बाई दिसल्या की अरुणराव टीव्ही बंद करत, नेमक्या त्यांच्याच नावापुढचा गोल शैलजाबाईंनी गडद भरला. मग सही केली.

तेवढ्यात केदारचा फोन आला. "भरलंस ना, लिस्टप्रमाणे?"

"नाही रे. माझं मी भरलं."

"कमाल आहे! बाबा असते तर जाम भांडले असते हं."

"हो ना," त्या म्हणाल्या आणि त्यांना रडू कोसळलं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याशी भांडावं असं स्वतःचं काही आज पहिल्यांदाच हाती आलं होतं, आणि भांडायला नवरा नव्हता.