मेपलच्या जागी गाडी

"हा मेपल काढला की गाडी बरोब्बर इथे बसेल," सोता पावलं मोजत बायकोला म्हणाला.

इसोगाईंच्या हातातला खराटा थांबला. चेहऱ्यावर मात्र त्यांनी काही दिसू दिलं नाही. भल्याभल्या हट्टी झाडांना त्यांनी वळण लावलं होतं. हा तर तिशीतला पोरगा. अर्ध्या तासात सरळ करू, त्यांनी मनाशी म्हटलं.

नवरा-बायको विकायला काढलेलं घर बघायला तीनच्या ठरलेल्या वेळेआधी अर्धा तास आले होते आणि त्याबद्दल कमरेत वाकून दोनदा माफीही मागून झाली होती. इसोगाईंनी त्यांना बागेकडच्या ओसरीवर बसवलं आणि थर्मासमधला हिरवा चहा ओतला.

"आता समोर बघा. काय दिसतं?"

"झाड," सोता म्हणाला.

"आणि झाडामागे?"

मेपलच्या लाल फांद्यांच्या चौकटीत दूरचा डोंगर नेमका बसला होता. सोता चहा प्यायचाच विसरला.

"डोंगर काही आपला नाही. पण फांदी नीट छाटली, की बागेत उसना आणता येतो. सात वर्षं लागली त्याला."

"अगं बाई!" सोताची बायको चिनात्सु पुटपुटली.

इसोगाईंना आता रंग चढला. फेब्रुवारीत बर्फातच उमेच्या झाडावर फुलं उमलतात. जूनच्या पावसात शेवाळ इतकं हिरवं होतं, की त्यावर पाय ठेवायचा धीर होत नाही. आणि आता, बर्फ पडायच्या आत, पाइनच्या फांद्या दोरांनी वर बांधायच्या, नाहीतर ओझ्याने मोडतात.

"आम्हाला कुठलं जमायला!" चिनात्सु म्हणाली. "तुम्ही याल शिकवायला?"

"बोलावलंत तर येईन की. न बोलावता येणं बरं दिसत नाही."

सोता हसला. "आजोबा, तुम्ही घर दाखवताय की बाग?"

"घरात काय बघायचंय? घर म्हणजे बागेकडे बघत बसायची जागा."

"हे सगळं सोडून जाताना जिवावर येत असेल," चिनात्सु हळूच म्हणाली.

"येतं ना. रोज संध्याकाळी येतं."

तिने नवऱ्याकडे बघितलं. सोताने दोन्ही हात वर केले.

"हरलो बुवा. गाडी लावू रस्त्यापलीकडे भाड्याच्या जागेत. मेपलला हात लावणार नाही, शब्द देतो."

इसोगाईंनी आनंदाने मान लववली. त्यांनी घड्याळ पाहिलं. तीनला पाच कमी होते. थर्मास आणि कप गोळा करून, खराटा काखेत मारून ते घरामागे गेले.

तीनच्या ठोक्याला फाटकातून घरांचा एजंट किल्ल्यांचा जुडगा वाजवत आत आला, आणि जागच्या जागी थबकला.

"अहो, ही बाग इतकी नीटनेटकी कशी?" त्याचा आवाज घरामागेही स्पष्ट ऐकू आला. "मालकीणबाई वारल्यापासून अकरा वर्षं इथे कुणी फिरकलेलं नाही!"

इसोगाई कुंपणाच्या फटीतून अंग चोरून पलीकडे, आपल्या घरी गेले, आणि माडीवरच्या खिडकीशी बसले. मेपल तिथूनच सगळ्यात छान दिसत असे.