ऑस्बर्टचा सिक्सर

"लंडनच्या थंडीत अर्धं आयुष्य गेलं, पण हात गंजला नाही!" म्हणत ऑस्बर्टने कॅरिबियनमधल्या बेक्वे बेटाच्या किनाऱ्यावर बॅट फिरवली. घरी बहीण युडोरा ख्रिसमसचं हॅम भाजत होती. त्या चवीसाठीच तो गावी आला होता.

चेंडू थेट समुद्रात पडला.

"समुद्रात मारेल त्यानंच आणायचा, म्हाताऱ्या!" बालमित्र कथबर्ट ओरडला. "नियम तुझाच!"

ऑस्बर्टने खुशीत सूर मारला. चेंडू नाचवत तो बाहेर आला आणि काहीतरी बोलला, पण तोंडातून नुसती हवा आली. कवळी लाटेने नेली होती.

"पहिला दात इथंच पडला होता तुझा," कथबर्ट म्हणाला. "आता उरलेले एकदम गेले."

संध्याकाळी सगळ्यांनी हॅम खाल्लं. ऑस्बर्ट सरबत प्यायला. त्यात आलं जास्त झालं होतं.