एकेचाळीस खिळे

माझा थोरला लष्करातून परतला आणि जाताना एक घास तोडून ठेवलेला आपला नान त्यानं भिंतीवरून काढून, चहात बुडवून खाल्ला, त्याच वर्षी ताश्कंदमधल्या आमच्या गल्लीला पाडकामाची नोटीस आली. अर्धवट राहिलेला नान माणसाला परत आणतो, असं आमच्यात मानतात.

घरं रिकामी होऊ लागली. जाणारा प्रत्येकजण गल्लीतल्या नानवाल्या एर्गश-अकांच्या, म्हणजे एर्गशदादांच्या, भट्टीवर येई, ताज्या नानचा घास तोडी आणि उरलेला त्यांच्याच दुकानात खिळ्याला टांगी. स्वतःच्या घराची भिंत तर राहणार नव्हती.

शेवटी एकटं त्यांचं दुकान उरलं. पालिकेचा साहेब आला.

"अका, कधी हलताय?"

"हे एकेचाळीस नान ज्याचे त्यानं येऊन खाल्ले, की लगेच."

"अहो, ती माणसं शहराच्या पार त्या टोकाला, नवव्या मजल्यावर गेलीत. हे दगड चावायला कोण येतंय?"

"मग बसा. तोवर चहा घ्या."

साहेब चार वेळा आला आणि चारही वेळा चहा पिऊन गेला.

एप्रिलमध्ये मात्र सगळी गल्ली एकाच दिवशी परत आली. ज्यानं त्यानं आपला नान ओळखून काढला आणि चहात भिजवून खाल्ला. संध्याकाळपर्यंत सगळे खिळे मोकळे झाले. दुसऱ्या दिवशी साहेबाला कुणी अडवलं नाही.



एर्गश-अका बारा एप्रिलला पहाटे वारले. सगळे त्यांच्या मातीला आले होते.