पूल कुठाय?

नावाड्याने भर नदीत वल्ही वर घेतली, तसा साहेबांचा रुमाल कपाळावर गेला.

"पाच वर्षं झाली. पूल कुठाय?" नावाड्याने विचारलं.

साहेबांचे कार्यकर्ते सभेच्या तयारीला आधीच पलीकडे गेले होते. नावेतल्या गावकऱ्यांत त्यांची बाजू घेणारं कुणी नव्हतं. मागच्या निवडणुकीआधी त्यांनी काठावर कोनशिला बसवली होती. आता तिच्यावर बायका कपडे धुतात.

मास्तरीणबाई साहेबांच्या समोरच बसल्या होत्या. गेल्या पुरात दवाखाना पलीकडे, नाव बंद, आणि त्यांची आई अलीकडच्या काठावर तडफडून गेली. आता मुलीचे दिवस भरत आले होते, तेही नेमके पुराच्या तोंडावर. या माणसाचं तोंडही त्यांना बघवत नव्हतं. निघताना त्या नावाड्याला म्हणाल्या होत्या, "दादा, माझ्याच्याने बोलवणार नाही. तुम्हीच विचारा."

"विचारतो की! सोडतो काय!"

आणि त्याने सोडलं नाही. "या बाईंची आई तुमच्या थापांपायी गेली. मतं मागायला लाज नाही वाटत?"

"मंजुरी आलीय," साहेब चाचरले. "निवडून आलो की लगेच काम सुरू."

"पुन्हा गाजर दाखवताय?"

नाव डोलली. साहेबांनी फळी घट्ट धरली. मास्तरीणबाईंना कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. त्यांच्या आईसाठी कुणीतरी इतक्या पोटतिडकीने भांडत होतं.

पलीकडच्या काठावर नावाड्याच्या मुलाची नवीकोरी नाव डांबर लावून उपडी घातलेली होती. तिच्याजवळ बाकी सगळे चिखलात उतरले. साहेबांचे कपडे पांढरेशुभ्र, बूट नवे. नावाड्याने तोंड वाकडं करत त्यांना पाठुंगळी घेतलं.

"आपटा खाली!" कुणीतरी ओरडलं. हसतखिदळत लोक चढण चढून गेले.

मास्तरीणबाईंची चप्पल चिखलात रुतली. ती उपसायला त्या नव्या नावेआड वाकल्या, आणि ते दोघं अगदी जवळून गेले.

"जास्त झालं का हो, साहेब?" नावाडी हळूच विचारत होता.

"जरा झालंच."

"लोकांसमोर बोलावं लागतं. आम्हा नावाड्यांची मतं तुमचीच, त्याची काळजी नको. मागच्या वेळी मला दिलेला शब्द पाळलात, तसा याही वेळी पाळा. पूल तेवढा होऊ देऊ नका."