टाचलेली पानं

"वाट लावलीय पुस्तकाची!" थिएटरातून बाहेर पडताना केतकी चिडून म्हणाली. "ड्रॅगन मरतो काय! आई, बाबांनी पाचही भाग मला वाचून दाखवलेत. शेवटी तो डोंगरापलीकडे उडून जातो."

आईने रिक्षाला हात केला. बाबा गेल्यापासून दोघी जेवत होत्या, झोपत होत्या, आज सिनेमालाही आल्या होत्या. रडणं तेवढं राहून गेलं होतं.

घरी आल्यावर आईने पाचवा भाग तिच्यापुढे ठेवला. शेवटची दोन पानं स्टेपलरने टाचलेली होती. केतकीने नखाने पिना उचकटल्या.

आत ड्रॅगन मरत होता. समासात बाबांचं अक्षर होतं : 'हे वाचायचं नाही. पोरगी रडेल.'

"तरी सिनेमा वाईटच," नाक ओढत केतकी म्हणाली आणि स्टेपलर शोधू लागली.