रिठ्याचा फेस

फेस बादलीच्या काठाशी आला आणि काठावरून हळूच खाली उतरला. चांगुणाबाईंनी सकाळपासून भिजवलेले रिठे पुन्हा एकदा मुठीत चोळले. सोनमने ओंजळभर फेस उचलून फुंकर मारली. तो फार लांब गेला नाही. हवा इतकी जड होती की एक तुकडा तिच्या नाकासमोर जरासा रेंगाळला, मग भिंतीला जाऊन चिकटला.

श्रावणातल्या खांदेश्वरात काहीच वाळत नव्हतं. बरणीतलं मीठ पाझरत होतं, कॅलेंडरचं पान मऊ पडलं होतं. हॉलमध्ये बुद्धांचा फोटो लावलेला होता, त्याच्या मागच्या भिंतीवर बुरशी काळ्या ढगासारखी पसरली होती. आणि वर्षावासातलं धम्मग्रंथाचं वाचन आज पाच वाजता याच घरी होतं. पांढऱ्या साड्या नेसून बिल्डिंगमधल्या बायका येणार होत्या.

सकाळी सून संघमित्रा भिंत धुवायला फिनेलची बाटली घेऊन आली, तेव्हा तिची दुसरीतली लेक सोनम गॅलरीत मांडी घालून बसली होती. बरोबर पाणी जायच्या भोकावर. घर तळमजल्यावर, भोकातलं पाणी थेट मागच्या खड्ड्यात पडायचं. खड्ड्यात पावसाचं तळं झालं होतं आणि तळ्यात बेडकाची पिल्लं होती. त्यांना मागचे पाय फुटले होते, शेपटी अजून गळायची होती.

"आठ दिवस थांब ना आई. मग ते उड्या मारून जातील."

"आठ दिवसांनी वाचन दुसऱ्याच्या घरी असेल, बाई. ऊठ, टेन्शन देऊ नको."

सोनम उठली नाही. शेवटी चांगुणाबाई मध्ये पडल्या. "बाटली ठेव वर. रिठ्यानं धुऊ. झाडाचं फळ ते, त्यानं कुणाला काय होत नाय."

"शब्द, आजी?"

"शब्द."

मग ती उठली होती.

आता दोघी भिंतीशी उभ्या होत्या. चांगुणाबाई काथ्याने घासत होत्या, सोनम खालच्या भागावर फडकं फिरवत होती. "जोर नाय करायचा," आजी सांगत होत्या. "वरून खाली ये. भिंतीला थोडा वेळ दे, ती स्वतःच सोडते." काळा ढग विरघळत होता. पांढरं पाणी भिंतीवरून फरशीवर येत होतं आणि फरशीवरून, कुणी न ढकलता, गॅलरीकडे निघालं होतं. बाहेरच्या उजेडात एकेका बुडबुड्यात एकेक खिडकी दिसत होती.

"गावाला पण असं धुवायचे?"

"धुवायचे. आणि उन्हाळ्यात नदी आटली, की डोहात तेवढं पाणी राहायचं. मग बाबा, काका, सगळे मिळून रिठे कुटायचे."

"आंघोळीला?"

"डोहात टाकायला. पाणी असंच पांढरं व्हायचं. आम्ही पोरं काठावर गप बसायचो. मग एकेक मासा वर यायचा. झोपल्यासारखा. पांढरं पोट वर करून…"

चांगुणाबाईंचा हात भिंतीवर थांबला.

फेस उंबरा ओलांडून गॅलरीत पोचला होता. भोकाच्या तोंडाशी तो गोल फिरत होता.

त्या गुडघेदुखी विसरून धावल्या. लुगडं सावरायला वेळ नव्हता, फडकं हाताशी नव्हतं. त्या मटकन खाली बसल्या आणि उजवी टाच भोकावर दाबून धरली.

सोनम दारात उभी होती. तिला सगळं कळलं होतं.

"तू म्हणालीस काय होत नाय."

"म्हणाले. चुकले." चांगुणाबाईंनी तिच्याकडे सरळ बघितलं. "थोडं गेलंय. ग्रिलमधून बघ, नीट बघ आणि खरं सांग."

सोनमने ग्रिलला गाल लावला. एकेक पिल्लू शोधलं.

"एक वर आलाय."

"पोट दिसतंय?"

"नाय. तोंड उघडलं त्याने. आता… परत खाली गेला. शेपटी हलतेय. बाकीचे पण हलतायत."

चांगुणाबाईंनी श्वास सोडला. "आता पाण्याचा मग आण. हे पाणी बाथरूममध्ये नेऊन ओत, ते गटारात जातं. भरून घेऊ नको, सांडेल. सावकाश."

सोनम अर्धा मग भरून निघाली. दोन्ही हातांनी धरून, जिभेचं टोक बाहेर काढून. हॉल ओलांडून गेली, परत आली, पुन्हा निघाली. फेसाला घाई नव्हती. तो चांगुणाबाईंच्या घोट्याभोवती जमला होता, जणू त्या ढगात पाय सोडून बसल्या होत्या.

संघमित्रा साडीच्या निऱ्या धरून आली. "आई, अहो, लोक आले! उठा ना."

"मी नाय उठत."

मागोमाग शेजारच्या दुर्गाबाई डोकावल्या. "जयभीम! चांगुणाबाई, सुनेवर रुसून बसलात काय?"

"रुसले नाय गं. बूच झालेय."

दुर्गाबाईंना काही समजलं नाही, पण त्या हसल्या. संघमित्राने सासूच्या टाचेकडे पाहिलं, मग लेकीच्या हातातल्या मगाकडे. स्वयंपाकघरातून दुसरा मग आणून तिने गॅलरीच्या उंबऱ्यावर ठेवला आणि आत गेली.

हॉलमध्ये सतरंजी पसरली गेली. धुतलेली भिंत अजून ओली होती, फोटो तिच्यासमोर टेबलावर ठेवला होता. मेणबत्ती पेटली. सगळ्या उभ्या राहिल्या आणि पंचशील सुरू झालं. पहिलंच शील, जीव न मारण्याचं. चांगुणाबाईंनी बसल्या जागी हात जोडले आणि डोळे मिटून त्याही म्हणू लागल्या. पायाला मुंग्या आल्या होत्या.

सोनम मग घेऊन त्यांच्या कानाशी वाकली.

"आजी, टाच हलवू नको."